ठाणे अंमलदार साहेबांना सा. न. वि. वि.

ठाणे अंमलदार साहेब यांस,

मी तोच, ज्याला तुम्ही परवा पुण्याला पिटाळलंत. ठाण्याचं नाव लिहीत नाही. भोर-वेल्ह्यात ठाणी बोटांवर मोजण्याइतकी. नाव फुटलं तर बदली तुमची व्हायची, आणि येणारे नवे साहेब तुमच्याइतके गोड बोलतीलच याचा भरवसा नाही.

आमच्या चुलत्यांच्या व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल आली. त्यांनी ती उघडली आणि भाताचे आलेले पैसे खात्यातून गेले. अशा वेळी पहिला तासच काय तो खरा. पैसा या खात्यातून त्या खात्यात पळत असतो. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला वेळेत फोन गेला तर मधल्या एखाद्या बँकेत तो अडवता येतो. तो तास आम्ही तुमच्या टेबलासमोर काढला. तुम्ही डायरी उघडलीत, बोट जिभेला लावून पानं उलटलीत आणि मोठ्या आपुलकीने 155260 हा नंबर कागदावर लिहून दिलात. साहेब, तो जुना नंबर. त्याच्या जागी 1930 येऊन वर्षं झाली. मग अर्जाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहिलंत, 'भादंवि 420'. त्या भादंविला सरकारने 1 जुलै 2024 रोजी निरोप दिला. चारशेवीस आता शिवी म्हणून तेवढी उरली. परवाच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं.

आणि शेवटी निकाल: "हे सायबरचं आहे. आपल्याकडे होत नाही. पुण्याला जा."

हद्दीचं पुराण तर सोडूनच देतो. गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं. मात्र राजगड किल्ला वेल्ह्यात, राजगड पोलीस ठाणं भोर तालुक्यातल्या नसरापूरला, आणि आता वेल्हे तालुक्याचंच नाव राजगड करायचं 2024 मध्ये ठरलं, म्हटल्यावर हद्द या विषयात आम्हीही गडबडतो.

तुमचं ट्रेनिंग झालेलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं नऊ महिने झालंय. परेड, पीटी, लाठी, रायफल खोलणं-जोडणं. मी बाकावर बसलो असताना बाहेर मोठ्या साहेबांची गाडी थांबली, तेव्हा तुम्ही ठोकलेला सॅल्यूट पाहिला. काय तो कडक! पण त्या नऊ महिन्यांत लोक एसटीडी बूथवरून फोन करत होते. त्यानंतर काय शिकवलं तुम्हाला? सर्क्युलर आलं, वाचल्याच्या सह्या झाल्या, पीडीएफ ग्रुपवर पडली, वर अंगठा टाकला. झाली उजळणी.

झेडपीच्या गुरुजींना 2020 च्या शैक्षणिक धोरणाने वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलं. डॉक्टरला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधली नोंदणी टिकवायला 5 वर्षांत 30 क्रेडिट गुण मिळवावे लागतात. तिकडे कॅलिफोर्नियात पोलिसाला दर 2 वर्षांनी 24 तास पुन्हा शिकावं लागतं. आणि आमच्याकडे ज्याच्या हातात बेडी आहे, त्याचं शिक्षण बहुतेकदा भरतीच्या वर्षीच आटोपतं! पुढचं सगळं तो आमच्यावर शिकतो. परवाचा धडा आमच्या चुलत्यांच्या पैशांवर झाला. संताप येतो, साहेब. ज्या माणसाने वर्षभर चिखलात उभं राहून भात लावला, त्याला तुमची जुनी डायरी महाग पडली.

पण तुम्हाला तरी किती बोलू? शनिवार-रविवारी तोरण्याच्या आणि राजगडाच्या पायथ्याला गाड्यांची रांग, पावसाळ्यात वरंध घाट, भाटघरच्या पाण्यात बुडालेल्यांचे पंचनामे, महामार्गावरचे अपघात, गणपती, निवडणुका, मंत्र्यांचा दौरा. यातून ट्रेनिंगला नाव कोणाचं जाणार? ज्याच्यावाचून ठाण्याचं अडत नाही त्याचं. तुम्ही कामाचे, म्हणून तुम्ही मागे राहिलात.

'आपल्याकडे होत नाही' हे वाक्यही तुमचं नाही, ते वरून उतरत आलंय. आयटी ॲक्टच्या कलम 78 प्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. लहान ठाण्याचा प्रमुखच मुळात एपीआय, म्हणजे सहायक निरीक्षक. पण तपास करता येत नसला तरी तक्रार घेता येते आणि 1930 लावून देता येतो, एवढं सांगायला एक तासाचं लेक्चर पुरलं असतं. ते घ्यायला कोणी फिरकलं नाही. पोलीस प्रशिक्षणाचा विचार कोणी केलाच नाही असंही नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रा. मा. स. गोरे यांच्या समितीने 1973 मध्ये त्यावर अख्खा अहवाल दिला. त्यालाही आता पन्नासहून जास्त वर्षं झाली, म्हणजे तो अहवाल तुमच्यापेक्षा वयाने मोठा असणार.

तुम्ही स्वतः काही मागू शकत नाही, हे ठाऊक आहे. पोलिसांच्या हक्कांवर बंधनं घालणाऱ्या 1966 च्या कायद्याने तुम्हाला परवानगीशिवाय संघटना काढता येत नाही आणि वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. म्हणून तुमच्या वतीने आम्हीच मागतो: शिपायापासून वर प्रत्येकाला वर्षाला 50 तास, गुरुजींइतकेच. ते भरले नाहीत तर बढती नाही. आणि तुम्ही वर्गात असाल तितके दिवस तुमच्या खुर्चीत बदली माणूस, नाहीतर हे तासही रजिस्टरवरच भरतील. गृह विभागाने हा नियम काढावा. आमदारांनी येत्या अधिवेशनात विचारावं.

आपला,
एक तक्रारदार
(आवक क्रमांक अद्याप मिळालेला नाही)