‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’

नवं ॲप उघडलं की पहिले तीन-चार पडदे ठरलेले असतात. हसरा चेहरा, हिरवं शेत, घोषवाक्य आणि खाली ‘पुढे’. माणूस ‘पुढे’ दाबत सुटतो आणि जिथे खरोखर अडतं, तिथे विचारायला कुणी नसतं.

एखाद्या खेळाच्या ॲपमध्ये हे चालून जाईल. ई-पीक पाहणीत चालणार नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकरी या ॲपमधून स्वतः मोबाइलवर करतो. हा फार मोठा हक्क आहे आणि तो टिकायलाच हवा. पीक विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी यांच्या वेळी हीच नोंद पाहिली जाते. म्हणून या ॲपचे पहिले पडदे सजावटीसाठी नाहीत, कामासाठी आहेत.

माझी मागणी एकच. हे पडदे तालुक्याप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलता आले पाहिजेत, आणि त्यासाठी दर वेळी ॲपची नवी आवृत्ती काढावी लागू नये. मजकूर, चित्रं आणि क्रम सर्व्हरवर ठेवायचे, ॲप उघडलं की ते उतरतात, रेंज नसेल तर आधीचे दिसतात. खरेदीची ॲप दिवाळीला एका रात्रीत रूप पालटतात ती अशीच. साबण विकायला जे जमतं, ते शेतकऱ्यासाठीही जमतं.

दौंड तालुक्यात राहू-पारगावच्या पट्ट्यात उसाचं राज्य. तिथल्या माणसाला पहिल्याच पडद्यावर सांगा, की उसाला हंगाम कोणता निवडायचा, ‘खरीप’ की ‘संपूर्ण वर्ष’. शिरूर तालुक्यात पाबळ-केंदूरकडे एकाच गटात बाजरी आणि मूग असेल, तर प्रश्न वेगळा: पीक ‘निर्भेळ’ की ‘मिश्र’? त्याला उसाचा पडदा कशाला?

आणि शिरूरचा बेट भाग. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही जीव गेले. पिकाचा फोटो मात्र शेतातच उभं राहून काढावा लागतो. त्या गावांच्या पहिल्या पडद्यावर ठळक अक्षरांत हवं: अंधार पडायच्या आत जा, एकटे जाऊ नका, उसात आत शिरू नका. ही सूचना मुंबईत बसून सुचणार नाही. ती तालुक्यातूनच यायला हवी, आणि त्याच दिवशी पडद्यावर चढायला हवी.

परवानगीचा घोळ वेगळाच. ॲप उघडताक्षणी लोकेशन आणि कॅमेऱ्याची परवानगी मागायची ही सगळ्याच ॲपवाल्यांची खोड. घरी ओट्यावर बसलेला माणूस बिचकतो आणि ‘नको’ दाबतो. 2020 च्या अँड्रॉइड 11 पासून दोनदा ‘नको’ म्हटलं, की फोन पुन्हा विचारतच नाही. मग बांधावर उभं राहून अक्षांश-रेखांश मिळत नाहीत, आणि दोष जातो रेंजला. परवानगी मागायची ती शेतात, फोटोच्या वेळी. त्याआधी एका वाक्यात कारण सांगायचं: नोंद तुमच्याच गटातली आहे, हे यावरून ठरतं.

आणखी एक गोष्ट पडदे बनवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. हे सुरुवातीचे पडदे एकदा दिसले, की ‘पाहिले’ अशी खूण फोनमध्ये पडते. पण वस्तीवर एकाच पोराच्या फोनवरून चुलते, आजी, शेजारी अशी सगळ्यांची नोंद होते. पडदे पाहिले पोराने, सातबारा आजीचा! म्हणून ते फोनमागे एकदा दाखवून भागत नाही. प्रत्येक खातेदारामागे दाखवा, वाचूनही दाखवा, आणि हवे तेव्हा परत उघडता येऊ द्या. सामाईक खात्यात आपल्या वहिवाटीपुरतं क्षेत्र लिहायचं, हे आजीला तिथेच कळू दे. 2022 च्या दुसऱ्या आवृत्तीत नोंदीनंतर 48 तासांत दुरुस्तीची सोय आली. ती गोष्ट पहिल्या पडद्यावर नसेल, तर कुठे असणार?

याच शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, हा त्याचा पाया. ॲप बनवणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं. आधी चार पडद्यांचं व्याख्यान आणि मग काम, अशा क्रमाने कुणी काही शिकत नाही. पहिल्या पडद्यावरच खोट्या गटाची एक सराव नोंद करू द्या. चुकू द्या, पुसू द्या.

महसूल खात्याने हे पडदे भरण्याचा आणि बदलण्याचा अधिकार तहसील कार्यालयांना द्यावा. शिरूर आणि दौंडपासून सुरुवात करा, आणि येत्या खरिपाची नोंद सुरू होण्याआधी करा.