फांदीवाले काका

फांदीवाले काका प्रत्येक गावात असतात, पण बडनेऱ्यात जरा जास्तच. जंक्शनचं गाव. रेल्वेतून रिटायर होऊन इथंच घर बांधलेली मंडळी पुष्कळ. जन्मभर गाड्यांना सिग्नल दिलेल्या माणसाला घरी कोणी विचारत नाही, मग तो दुसऱ्याच्या घरचा मनी प्लांट पाहू लागतो.

काका दारात चप्पल काढतानाच मान वळवून खिडकी, शोकेस आणि फ्रिजचा माथा तपासून घेतात. चहा येईपर्यंत धीर धरतात. पहिला घोट पोटात गेला की हळूच, "वैनी, लय फोफावला हो तुमचा मनी प्लांट. एक फांदी देता का?" वैनी जरा घुटमळल्या, तर पुढचं वाक्य तयार असतं. "फांदी तं मांगतली बाप्पा, किडनी नाई मांगतली!"

आता लोकांत असा पक्का समज आहे, की मागून आणलेला मनी प्लांट पैसा देत नाही, चोरून आणलेलाच देतो. काकांना चोर म्हणवून घ्यायचं नाही आणि पैसाही सोडायचा नाही. म्हणून ते एक फांदी रीतसर मागतात आणि वैनी कात्री आणायला आत गेल्या, की दुसरी नखानं खुडून खिशात घालतात. वैनींनाही हे ठाऊक असतं. त्या कात्री शोधायला मुद्दाम वेळ लावतात, कारण त्यांच्याकडचा वेल काकूंच्या खिडकीतून असाच आलेला असतो.

कापायच्या बाबतीत मात्र काकांना नावं ठेवायला जागा नाही. ते फांदी डोळ्यांजवळ धरून पेर शोधतात. पेराशी तपकिरी, बोथट, नखाएवढी गाठ असते. तीच पुढं मूळ होते. पेराच्या बोटभर खाली तिरपा काप, तीन-चार पानं वर, खालचं पान काढून टाकायचं आणि एक तरी पेर पाण्यात बुडालं पाहिजे. एखादीनं नुसतं देठासकट पान तोडून बाटलीत ठेवलं असेल, तर काकांना खरंच वाईट वाटतं. "पेर कुठं हाय याले? हे तं नुस्तं सडन."

बाटलीबद्दलही त्यांचं मत ठाम. पांढऱ्या काचेत उजेड शिरतो आणि पाण्यात शेवाळ धरतं, म्हणून बाटली तपकिरी हवी. शास्त्र बरोबर आहे. अडचण एवढीच, की बडनेऱ्यात तपकिरी काचेची तेवढी मोठी बाटली कशाची मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. काकांच्या बैठकीत अशा बाटल्यांची रांग आहे आणि काकू प्रत्येक नव्या पाहुण्याला, न विचारता, "ह्या भंगारवाल्याकडून आणल्या" असं सांगतात. डेंग्यूच्या दिवसांत आशाताई येऊन सगळं साचलेलं पाणी ओतून द्यायला लावतात. तेव्हापासून काका आठवड्याला पाणी बदलतात आणि बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावतात. वऱ्हाडात कापसाला काय तोटा!

खरं तर काकांच्या कीर्तीतला मोठा वाटा त्या वेलीचाच आहे. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिसाला टेकतो. अंगणातलं सगळं करपतं, माणसं दारं लावून कूलरपुढं पडून राहतात आणि मनी प्लांट कूलरच्या बाजूला, ओलसर हवेत, नवं पान उलगडत बसतो. त्याला ऊन अंगावर नको, नुसता खिडकीचा उजेड पुरतो. पाणी विसरलं तरी तो मरत नाही; मरतो तो रोज आठवणीनं पाणी घातलं तर. आळशी घरांत तो माजतो तो याचमुळं. "रोज पानी नोका देऊ. बोट खुपसून पाहा, कोरडं लागलं तवाच द्या," हा काकांचा उपदेश मी गल्लीतल्या प्रत्येक घरात ऐकलाय. वास्तूप्रमाणं तो आग्नेयेला ठेवावा, हेही ते सांगतात. त्यांच्या स्वतःच्या घरात आग्नेयेला न्हाणी आहे.

ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरची. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसं तयार होत नाही; आपोआप फुलल्याची शेवटची नोंद १९६४ची आहे. फूल नाही म्हणजे बी नाही, म्हणजे प्रत्येक झाड कोणाच्या तरी झाडाची फांदी. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत आणि जुन्या वस्तीत मिळून खिडक्याखिडक्यांतून बहुधा एकच झाड उभं आहे. हे मी काकांना सांगितलं, ती चूकच झाली असं काकू म्हणतात. आता ते कोणाच्याही घरी जाऊन, "हा आमच्याच वेलाचा नातू हाय," असं सांगून फांदीवर हक्क दाखवतात.

काकांचा खरा अभिमानाचा विषय म्हणजे खांब. प्लंबरकडून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्याला तुरीच्या पोत्याचा बारदाना, वरून सुतळीचे घट्ट वेढे. बारदाना ओला राहिला की वेलीची मुळं त्यात शिरतात, आणि वर चढू लागली की तिचं पान मोठं होत जातं. लोंबती ठेवली, तर पान तळहाताएवढंच राहतं. काकांच्या खांबावरचं वरचं पान ताटाएवढं झालंय. गल्लीतली पोरं ते मोजून गेली आहेत.

"नासानं सांगतलं, हे हवा साफ करते," असंही काका म्हणतात. नासाचा तो अहवाल १९८९चा, पण प्रयोग हवाबंद पेट्यांतले. २०१९ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला, की खिडकीतून जितकी हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. मी हे सांगितल्यावर काका खचतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मंग लावू ना!"

एकदाच त्यांची खोड मोडली. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यातून त्यांनी नागवेल आणली. तिथं ती सांभाळण्यात बारी मंडळींच्या पिढ्या गेल्या आहेत: आधाराला शेवरी-पांगारा, चारी बाजूंनी वाऱ्याला आडोसा, पाण्याची पाळी चुकवायची नाही, वेल उंच गेली की उतरवून पुन्हा मातीत दाबायची. काकांनी ती गॅलरीत, पश्चिमेच्या उन्हात टांगली. आठवड्यात पानं विड्याला नाही, तंबाखूला शोभतील अशी झाली. त्या वेलीचा विषय त्यांच्या घरी अजून निघत नाही.

मागच्या हिवाळ्यात पुतण्यासाठी मुलगी पाहायला ते अकोल्याला गेले. बैठकीत पांढऱ्या चट्ट्यांचा मनी प्लांट होता. असला वाढतो सावकाश आणि उजेड जास्त मागतो, म्हणून गल्लीत कोणाकडे नाही. पुतण्या मुलीला शिक्षण विचारत होता, काका तिच्या आईला पाणी विचारत होते.

"किती दिसांनी देता?"

"आठवलं की देते."

काकांनी तिथल्या तिथं पुतण्याच्या कानात सांगितलं, "घर चांगलं हाय." फांदी ओल्या रुमालात गुंडाळून गाडीनं बडनेऱ्याला आली. तीन आठवड्यांनी मुलीकडून नकाराचा फोन आला. काकू कपाळाला हात लावून बसल्या. काकांनी खिडकीतली बाटली उजेडाला धरली, दोन बोटं लांब पांढरी मुळं पाहिली आणि फोनवाल्याला दबक्या आवाजात विचारलं, "फांदी तं वापस मांगत नाईत ना?"