शुभेच्छांची थकबाकी

आमच्या बीड जिल्ह्यात पैसे आधी आणि कष्ट मागून अशी एक जुनी रीत आहे. मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, दसरा उलटला की गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि फेड उसाच्या फडात होते. मी इथे बातम्यांचं एक छोटं संकेतस्थळ चालवतो. माझ्या धंद्यात ही रीत नेमकी उलटी आहे. कष्ट आधी होऊन जातात. उचल कुठल्या हंगामात येईल ते पंचांगातही सापडत नाही. तरी उचलीचा हेवा मला कधी वाटला नाही. ती घेतलेला माणूस फिटेपर्यंत बांधलेला असतो, आणि माझे देणेकरी कसे पाखरासारखे मोकळे. तगाद्याचा मेसेज लिहिताना आपल्या तोंडून मुकादम तर बोलत नाही ना, अशी शंका येते आणि मी शेवटी ‘सवडीने’ हा शब्द टाकतो. त्या एका शब्दाच्या सावलीत अख्खा हंगाम निजून जातो.

त्यातही वाढदिवसाच्या जाहिरातीची उधारी फार नाजूक. सिमेंटचे पैसे थकले तर दुकानदार निदान भिंतीकडे बोट दाखवू शकतो. दिलेल्या शुभेच्छा कुठून उतरवून आणायच्या? साहेब एका वर्षाने मोठे झाले ते झालेच. बिल थकलं म्हणून त्यांना गेल्या वर्षीच्या वयात नेऊन बसवता येत नाही. निवड, नियुक्ती, बारावीच्या निकालानंतर शिकवणीवाल्यांनी ओळीने लावलेले हसरे चेहरे, सगळ्यांचं तेच. गुण मिळालेले असतात, हसणं होऊन गेलेलं असतं, पोरं पुण्याला पोचलेली असतात. भावपूर्ण श्रद्धांजलीचं बिल तर मी पाठवतच नाही. तेराव्याच्या आत पाठवणं बरं दिसत नाही, आणि वर्षश्राद्धाला आठवण करून देणं त्याहून वाईट.

माझे मामा अंबाजोगाईत वर्तमानपत्रांचे एजंट होते. महिन्याच्या सुरुवातीला ते वसुलीला निघत तेव्हा सायकलच्या दांडीवर मी असे आणि खिशात कार्बनचा निळा डाग पडलेलं बिलबुक. मंडीबाजारातून योगेश्वरीच्या देवळापर्यंत ते पैशाचं अक्षर काढत नसत. आधी पाऊस. ‘काय म्हणतंय आभाळ?’ समोरचा उत्तर देई, ‘कशाचं आभाळ मामा, नुसतं भरून येतंय अन् जातंय.’ झालं, मामांना उत्तर मिळालेलं असे. बिलबुक खिशातून न काढताच ते चहाचा घोट घेत. ज्याला बघून माणूस गल्ली बदलत नाही तोच खरा वसुलीवाला, असं त्यांचं शास्त्र होतं. ते शास्त्र जगातल्या कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवत नाहीत हे बरंच आहे. संस्था बंद पडतील. आता आभाळाच्या जागी व्हॉट्सॲप आलं आहे. पण सोयाबीन निघू द्या, कापूस विकू द्या, लग्नसराई उरकू द्या, ही तिथी-वारांची माळ जशीच्या तशी आहे. ‘देऊ की, संपादकसाहेब. आम्ही काय पळून चाललाव का?’ या प्रश्नाला सभ्य उत्तर नाही.

गूगलच्या जाहिरातींना पाऊस कळत नाही. तिथे १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि साठले की कुणाच्या सोयाबीनची वाट पाहत नाहीत. मात्र १० डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे पाहायला ही कंपनी टपालाने आकडे धाडते. पोस्टमनने ते पाकीट हातात देताना विचारलं, ‘नोकरीचा कॉल आला वाटतं?’ सबंध जगाचा नकाशा ज्यांच्या खिशात आहे, त्यांनाही माझं घर आमच्या पोस्टमनला विचारावं लागलं, या गोष्टीचा आनंद मला त्या १० डॉलरांपेक्षा जास्त झाला.

एका वकील मित्राने मला कायद्याची गोडी लावायचा प्रयत्न केला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात म्हणे माझ्यासारख्या नोंदणीकृत चिमुकल्या धंद्याचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. एका संध्याकाळी मी हौसेने साहेबांच्या शुभेच्छांवर व्याज मोजायला बसलो. साहेबांचं वय सरळव्याजाने वाढत होतं आणि त्यांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना चक्रवाढीने. दोन्हींचा मेळ बसेना, तेव्हा कागद ठेवून दिला.

मित्राने मग दुसरी भीती घातली. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा येण्याचा दावा तीन वर्षांत लावायचा, नाही तर कोर्टाचं दार बंद. पण मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी, सहीनिशी देणं कबूल केलं, तर तीन वर्षं पुन्हा नव्याने सुरू. सही कुठून आणू? साहेबांचे पीए माझ्या प्रत्येक मेसेजला उत्तर म्हणून पिवळा अंगठा तेवढा उठवतात. मी म्हणालो, ‘अरे, आपल्या आज्या-पणज्यांचे सातबारे अंगठ्यावर चालले की!’ मित्र हसला आणि त्याने २०२३ चा कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताचा निकाल सांगितला. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने मोबाइलवर कराराचा फोटो पाठवला, शेतकऱ्याने खाली अंगठा उठवला, माल काही घातला नाही. न्यायालयाने तो अंगठा सही धरला आणि शेतकऱ्याला ८२ हजारांवर कॅनेडियन डॉलर भरायला लावले. माल कसला? तर जवस. ज्याची चटणी आमच्याकडे भाकरीवर पसरतात, ते जवस. त्या परक्या शेतकऱ्याबद्दल मला एकदम मायाच वाटली. आपल्या बाजूने निकाल लागलेला असताना हरलेल्याची कणव येणं वसुलीच्या दृष्टीने फार वाईट लक्षण आहे. तो निकाल बीडच्या कोर्टात किती चालेल, असं विचारलं तर मित्र म्हणाला, ‘चटणीएवढा. तोंडी लावायला.’

परवा पीएंनी साहेबांचा नवा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘रात्री बाराला टाका. मागचं अन् हे एकदमच करू.’ मी धीर करून विचारलं, ‘म्हणजे मागचं बाकी आहे ना, भाऊ?’

अंगठा आला. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून तारखेसकट जपून ठेवला, तीन वर्षं निश्चिंत झालो, आणि साहेबांच्या फोटोतली पार्श्वभूमी जरा फिकट होती ती नीट करायला बसलो.