अंडररायटर साहेबांस, येलदरीहून

प्रति,
मा. अंडररायटर साहेब,
आयुर्विमा कंपनी (कुठलीही चालेल), मुंबई

विषय : आमच्या ठणठणीत तब्येतीबद्दल आपले आभार मानण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

येलदरीत, म्हणजे जिंतूर तालुक्यात, कुणालाही काही झालेलं नाही, ही आनंदाची बातमी आम्हाला आपल्या अर्जांवरून कळली. बीपी नाही, शुगर नाही, ऑपरेशन नाही, घराण्यात कुणाला हृदयविकार नाही. अर्ज इंग्रजीत. आमचा एजंट प्रश्नांची अख्खी रांग एका दमात उरकतो आणि चौकटी-चौकटीत 'नो' लिहितो. तंबाखूच्या प्रश्नापाशी तेवढा तो थांबला. वाटलं, आता विचारणार. त्यानं आमच्याच पुडीतली चिमूट घेतली, चुना लावून मळली, ओठाखाली सारली आणि मग 'नो' लिहिलं. "मामा, सही मराठीत मारली तरी चालतंय!"

मराठी सहीखाली मात्र दोन ओळी लागतात : अर्जातला मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आणि तो मला पूर्ण समजला. त्या आमच्याच अक्षरात हव्या असतात, म्हणून एजंट त्या शब्दन्‌शब्द सांगतो. अख्ख्या अर्जातला तेवढाच मजकूर आमच्या कानावर मराठीत पडतो.

वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला जोडला आहे. जन्म 1 जूनचा. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा त्याच दिवशी झाला, हेडमास्तरांची कृपा. वजन 60 किलो, कारण आकडा बरा दिसतो.

आपण धोक्याचं फार बारकाईनं विचारता. विमान चालवता का? पर्वत चढता का? समुद्रात बुडी मारता का? नाही साहेब. आम्ही फक्त रात्रीची लाईट आली की दोन वाजता ओल्या वावरातून चालत जातो, पायाखाली काय आहे ते बॅटरीच्या उजेडात पाहतो आणि ओल्या हातानं मोटर चालू करतो. त्यासाठी आपल्या अर्जात चौकट दिसली नाही, तेव्हा तो धोका नसावा.

पहिला हप्ता एजंटनं स्वतःच्या खिशातून भरला. केवढं मोठं मन! विमा कायदा 1938 च्या कलम 41 नुसार कमिशनातली अशी सूट देणाराही दोषी आणि घेणाराही, दंड 10 लाखांपर्यंत, हे त्यानं सांगितलं नाही. पाहुणचारात असले विषय काढू नयेत.

पावती हाती आली आणि आम्ही निर्धास्त झालो. पण सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्येच एलआयसीच्या एका खटल्यात सांगून ठेवलंय : अर्ज हा नुसता प्रस्ताव; कंपनीनं पैसे ठेवून घेतले किंवा ती गप्प बसली म्हणून मंजुरी मिळाली असं होत नाही; मंजुरी कळवली की करार. तोवर माणसानं मरणाची घाई करू नये.

आपली खरी हुशारी दिसते ती माणूस गेल्यावर. सही घेताना ज्या कंपनीला आमचा डॉक्टर कोण ते विचारायला सवड नव्हती, तिचा तपासनीस परभणीच्या दवाखान्यातला सहा वर्षांपूर्वीचा केसपेपर बरोबर शोधून काढतो. त्यापेक्षा पूर्णा नदीवरचं आमचं येलदरी धरण बघा, 1968 मध्ये पूर्ण झालेलं. तिथं पाणी आधी मोजतात, काठच्या गावांना इशारा देतात आणि मग दरवाजे उचलतात. आपण मात्र पूर ओसरल्यावर मोजपट्टी घेऊन येता.

'एजंटनं लिहिलं' म्हणून आमची सुटका नाही, हेही कबूल. आधीची पॉलिसी लपवल्याच्या प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अर्जाखाली ज्याची सही, त्याची जबाबदारी. पण त्याच न्यायालयानं 2015 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात आपल्या धंद्याचेही कान धरले होते : माणूस गेला हृदयविकारानं, दावा नाकारला कंबरदुखी लपवली म्हणून, ते चाललं नाही. शिवाय 2015 पासून त्याच विमा कायद्याचं कलम 45 असं आहे की पॉलिसी सुरू झाल्यापासून, किंवा बंद पडलेली पुन्हा चालू केल्यापासून, तीन वर्षं उलटली की फसवणुकीचं कारण सांगूनही तिच्यावर बोट ठेवता येत नाही. मुदत दिली आहे ती तपासण्यासाठी. आपण ती आमच्या मरणाची वाट पाहण्यात घालवता.

मागणी छोटी आहे. अर्ज मराठीत द्या आणि उत्तरं आम्हाला विचारून लिहा. पॉलिसीबरोबर भरलेल्या अर्जाची प्रत येते. ती कपाटात जाण्याआधी घरातल्या शिकलेल्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. चुकीचं निघालं तर लेखी कळवू. पटलं नाही तर परत करायला आता 30 दिवस आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक प्रस्तावक
मु. पो. येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी

ता.क. : शुगर आहे. तंबाखू आहे. वडील पन्नाशीत हार्टफेलनं गेले. रात्रीची मोटर चालूच आहे. जास्तीचा हप्ता मागायचा तर आत्ता मागा. घासाघीस करायला आम्ही अजून जिवंत आहोत.