परभणी–दिल्ली, व्हाया हल्दिया

परभणीच्या पोराला नोएडात नोकरी लागली की पेढे संपायच्या आत घरात समिती बसते. विषय एकच: बिऱ्हाड उत्तरेला न्यायचं कसं? पोराचं मत धरत नाहीत. मामा म्हणतात, गाडीनं जा. थोरला म्हणतो, विमानानं जा. आणि ज्याला कुणी विचारलेलं नसतं तो शेजारी म्हणतो, "कामून जायलास बाबा तिकडं?" मुद्द्याचा प्रश्न तेवढाच असतो, म्हणून शेजाऱ्याला चहा पाजून वाटेला लावतात.

आधी गाडी. हिंगोली, वाशिम, अकोला करत सातपुडा ओलांडायचा. एकूण साधारण १३०० किलोमीटर. खरा घाट पोचल्यावर लागतो. परराज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवायची तर एमएच २२ ची पाटी उतरवून तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी परभणीच्या आरटीओची ना-हरकत. शिवाय २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवायला मनाई केली. त्या हुकमात पुढं काय काय सवलती निघाल्या, ते वकील जाणोत. मामांनी सुचवलेली गाडी मात्र मामांचीच आहे, डिझेलची आहे, आणि दोन वर्षांपासून तिला गिऱ्हाईक मिळत नाही.

आता विमान. परभणीत विमानतळ नाही, नांदेड गाठायचं. २०१७ च्या एप्रिलमध्ये 'उडान' योजनेची विमानं सुरू झाली तेव्हा पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद होता. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसेल, असं तेव्हा सांगितलं होतं. चप्पल आम्ही अजून घालतो. विमानं मात्र येतात, जातात, बंद पडतात, पुन्हा नारळ फुटतो. २०२४ मध्ये नांदेडहून दिल्लीच्या नावानं सेवा सुरू झाली ती हिंडनला, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या गाझियाबादेत उतरणारी. पोराला जायचंय नोएडाला, म्हणून त्याला हे फळलं. अडचण वजनाची. साध्या तिकिटावर पंधरा किलो. आईनं बांधलाय 'परभणी मोती' जोंधळ्याचा कट्टा, पन्नास किलोचा. दिल्लीत गहू मिळतो हे तिला माहीत आहे, म्हणूनच बांधलाय.

राहिली बोट. हसू नका, कागदावर सगळ्यात पक्की वाट हीच आहे. गंगाखेडला गोदावरीत बसायचं. नदी उत्तरेला जात नाही, पण सरकारी काम नाकासमोर कधी झालंय? जायकवाडीनं पाणी सोडलं असेल तर दिग्रसच्या बंधाऱ्यापर्यंत तरंगाल. तिथं बोट डोक्यावर घेऊन उतरायचं; पुढं विष्णुपुरीलाही तेच. भद्राचलमपासून राजमहेंद्रीपर्यंतची गोदावरी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये मोडते. मग बंगालचा उपसागर. डावीकडं वळून हल्दिया. तिथून १९८६ साली जाहीर झालेला जलमार्ग क्रमांक १, गंगेतून प्रयागराजपर्यंत १६२० किलोमीटर. पुढं यमुना. २०१६ च्या कायद्यानं देशातले जलमार्ग एकदम १११ केले, त्यात यमुनेचा नंबर ११०, थेट दिल्लीपर्यंत. म्हणजे गंगाखेडहून दिल्लीला पाण्यानं जाता येतं. बोट आणि पाणी तेवढं प्रवाशानं घरून आणायचं.

समिती इतका खल करते आणि शेवटी पोरगा जातो सचखंड एक्स्प्रेसनं. सगळेच तिनंच जातात. नांदेडहून निघते, परभणीला थांबते, दुसऱ्या दिवशी दिल्लीला टाकते आणि पुढं अमृतसरला जाते. मोटारसायकल टाकी रिकामी करून, पोत्यात गुंडाळून पार्सलला, जोंधळा बर्थखाली. वाटेतल्या स्टेशनांवर शीख मंडळी लंगर वाढतात, म्हणून जाणते प्रवासी घरून ताट घेऊनच निघतात.

पण ही गाडी आमच्या पोरांच्या नोकरीसाठी सुटलेली नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला, तिथं माथा टेकायला पंजाब येतो, त्यासाठी ती धावते. त्याच्या कितीतरी आधी नरसीचे नामदेव पंजाबात घुमानला गेले. नरसी तेव्हा कुठल्या जिल्ह्यात होती कोण जाणे, १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत तरी ती परभणीतच होती. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. न्यायला ना ना-हरकत लागली, ना वजनाची मर्यादा आडवी आली. उत्तरेची वाट संतांनी आणि भाविकांनी पाडली. नोकरदार तिच्यावर फुकट चालतात.

सरकारनं स्वतःहून काय आखलं? जालना–नांदेड द्रुतगती मार्ग, परभणी जिल्ह्यातून, सहापदरी. तो समृद्धी महामार्गाला जोडला की मुंबई जवळ येणार. शक्तिपीठ महामार्ग, पवनार ते पत्रादेवी, तोही आमच्याच शेतांतून. शेतकरी नको म्हणतात, तो गोव्याला जाणार. रेल्वेचा संभाजीनगर–परभणी टप्पा मात्र वर्षानुवर्षं एकेरीच राहिला. पुढारी नकाशावर बोट ठेवून सांगतात, मुंबई इतक्या तासांवर, गोवा इतक्या तासांवर. परभणीचा विकास म्हणजे परभणी सोडायला लागणारा वेळ कमी करणं, असं एकदा ठरलं की शेजाऱ्याच्या 'कामून'ला उत्तर द्यायची गरज उरत नाही.

माणसं घेऊन जाणाऱ्या गाड्यांना हिरवा सिग्नल आहे. काम घेऊन येणारी गाडी एवढी वर्षं क्रॉसिंगला उभी आहे.