दख्खनचा दादर

मुंब्र्याच्या डोंगराकडे लोकलमधून नीट पाहणारा माणूस विरळा. सकाळी दारात लटकलेल्याला पुढच्याची सॅक दिसते, संध्याकाळी खिडकीशी बसलेला पेंगत असतो. पण सीट मिळाली आणि झोप आली नाही, असा योग जुळलाच, तर तो डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेला दिसतो.

भूगर्भशास्त्रात या काळ्या कातळाचं नाव ‘डेक्कन ट्रॅप’. ट्रॅप म्हटलं की आपल्याला सापळा आठवतो. औरंगजेबाला हा अर्थ तत्काळ पटला असता. 1681 साली मोठ्या लवाजम्यानिशी दक्षिणेत उतरला, तो 1707 साली इथेच संपला. शास्त्रातला ट्रॅप मात्र स्वीडनचा. तिकडे ‘त्राप्पा’ म्हणजे जिना. अठराव्या शतकात तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्यांवरून काळ्या दगडाला हे नाव पडलं आणि 1830 च्या दशकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते आपल्या दख्खनला चिकटवलं.

हा जिना बांधला लाव्हाने, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही हप्त्याहप्त्याने. एक थर ओतायचा, निवू द्यायचा, मग त्यावर दुसरा. पुढे पावसाने ठिसूळ थर झिजवून उतार केले. टणक थरांचे कडे तसेच उभे राहिले. मलंगगड चढणाऱ्याला हा भेद गुडघ्यांतूनच कळतो. पारसिकचा बोगदा याच कातळातून खणला, 1916 मध्ये खुला झाला. कित्येक वर्षं फास्टवाले लाव्हाच्या पोटातून पाच-दहा मिनिटं वाचवत गेले, आणि डोंगर बघायचं भाग्य स्लोवाल्यांच्या वाट्याला आलं.

साइक्ससाहेबाला एखादा कल्याणकर भेटता तर स्वीडनपर्यंत जायचं कारण नव्हतं. मराठीत जिन्याला दादर म्हणतातच की. ‘दख्खनचा दादर’ असं नाव जगभरच्या शोधनिबंधांत झळकलं असतं. फक्त आपल्याकडे कुणीतरी लगेच विचारलं असतं, सेंट्रल की वेस्टर्न?

जिन्यांचं नवल आम्हाला नाही. ठाणे-डोंबिवलीच्या माणसाचं निम्मं आयुष्य पुलावर चढण्या-उतरण्यात जातं. कौतुक सरकत्या जिन्याचं, कारण तो चालू सापडणं नशिबाचा भाग. तर सह्याद्रीचा जिनाही सरकता आहे. लाव्हा वाहत होता तेव्हा ही सगळी जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. तिथून ती उत्तरेला सरकत आली. अजूनही दरवर्षी काही सेंटीमीटर सरकते आहे, तेही रविवारचा मेगाब्लॉक न घेता.