इथे नको, पुढे आहे

पुण्या-मुंबईच्या माणसाने "शनिवार-रविवार कोकणात जातोय" हे वाक्य चारचौघांत मोठ्याने बोलू नये. प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक सोसायटीत एक ठिकाणकर असतो. त्याचं खरं आडनाव काहीही असो, आपण त्याला ठिकाणकरच म्हणू. हे वाक्य कानावर पडलं की तो हातातला चहा खाली ठेवतो, खुर्ची तुमच्याकडे वळवतो आणि विचारतो, "जेवणार कुठे?"

राहायचं कुठे, बघायचं काय, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. शाळेच्या भूगोलात 720 किलोमीटर म्हणून पाठ केलेली किनारपट्टी त्याच्या डोक्यात पंगतीसारखी मांडून ठेवलेली असते. मुरूड म्हटल्यावर आपल्याला जंजिरा आठवतो. ठिकाणकर म्हणतो, "जंजिरा काय, तो कुठे जात नाही. खाडीतली कालवं मात्र अकरापर्यंत संपतात."

तुम्ही भोळेपणाने एखाद्या प्रसिद्ध हॉटेलचं नाव घेतलंत तर तो क्षणभर डोळे मिटतो. "तिथे? तिथे सगळेच जातात." एखाद्या खाणावळीची याहून मोठी बदनामी त्याला करता येत नाही. त्याच्या ठिकाणांना नाव नसतं, पत्ता असतो. "मराठी शाळेच्या मागे जा. डावीकडे विहीर, उजवीकडे सुपारीची वाडी. निळ्या दाराचं कौलारू घर. बोर्ड नाही. काकूंना फक्त माझं नाव सांगा." बोर्ड नसणं ही पहिली अट. फोन न लागणं ही दुसरी. गाडी लावायला जागा नसेल तर त्याच्या लेखी ते ठिकाण अप्रतिमच.

इथवर सगळं ठीक. अडचण होते ती "मीच येतो ना तुमच्याबरोबर" असं तो म्हणतो तेव्हा.

मे महिन्याचा शनिवार घ्या. पहाटे पाचला पुणं सोडून गाडी ताम्हिणीला लागते. घाटात टपरीवर कांदाभजी तळली जात असते, गाडीतल्या पोराटोरांच्या माना एका बाजूला वळतात. ठिकाणकर पुढच्या सीटवरून हात वर करतो. "इथे नको, पुढे आहे." घाट उतरताना रस्त्याकडेला बायका पानाच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसलेल्या असतात. "पुढे याहून ताजी." माणगावात पोह्यांचा वास येतो. "पोहे खायला कोकणात यायचं का? पुढे घावणे आहेत, अर्ध्या तासावर." त्याच्या अर्ध्या तासाला म्हसळ्याचा रस्ता, वळणं आणि समोरून येणारी एसटी माहीत नसते. कुणी ताडगोळे दिसले म्हणून ओरडलं तर तो ड्रायव्हरला म्हणतो, "हाण रे, थांबू नकोस, हे हायवेचे दर आहेत."

ठिकाणकरवहिनी मागच्या सीटवर असतात. त्या या माणसाबरोबर वर्षानुवर्षं कोकणात जातायत आणि त्यांचा कशावरच विश्वास उरलेला नाही. घाट संपायच्या आत त्यांच्या पिशवीतून स्टीलचा डबा निघतो. त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या असतात, वर झाकणात लिंबाचं गोड लोणचं. मुलं खाली वाकून आवाज न करता खातात. "कसला वास येतोय?" असं पुढून आलंच तर वहिनी शांतपणे म्हणतात, "कोकणचा."

दिवेआगरला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजतो. निळं दार सापडतं. ठिकाणकर चपला काढून, ओटीवर उभा राहून, घरच्यासारखी हाक मारतो, "काकू, आलो बरं का!" आतून पदराला हात पुसत काकू येतात, चेहऱ्यावर ओळखीची खूण शून्य.

"किती पानं सांगितली होती?"

"अहो मी! गेल्या मे महिन्यात आलो होतो!"

"मे महिन्यात सगळेच येतात हो, दादा. पानं सांगितली होती का?"

इथे काकूंची बाजू सांगायला हवी, कारण ठिकाणकर ती कधीच सांगत नाही. घरगुती खाणावळीचा सगळा व्यवहार पानांवर चालतो. सकाळी किती नारळ खवायचे, उकड किती काढायची, कोळणीकडून किती मासळी घ्यायची, हे आदल्या रात्री आलेल्या फोनांवर ठरतं. दुपारी एकला सात पानं वाढवायची म्हणजे पुन्हा नारळ फोडा, पुन्हा मोदकांच्या पाऱ्या करा. उकडीचा मोदक काही गरम करून वाढायचा पदार्थ नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या या घरांत 'मेनू काय आहे?' हा प्रश्न कोणी विचारत नाही. 'किती पानं?' हाच प्रश्न, आणि तो त्यांनी तुम्हाला विचारायचा.

तरी काकू माणुसकीच्या असतात. अर्ध्या तासात भात, वालाचं बिरडं, कैरीचं लोणचं, तळलेली सांडगी मिरची आणि सोलकढी पानात पडते. सगळे आडवा हात मारतात. जेवण खरोखरच उत्तम असतं. ठिकाणकर ढेकर देऊन सगळ्यांकडे बघतो. "काय सांगितलं होतं मी?" त्याने सांगितलेलं असतं मोदक आणि सुरमई. पण हे त्याला सांगायला कोणाला शुद्ध राहिलेली नसते.

रस्त्याकडेच्या मालापुढे तर ठिकाणकराला वेगळाच चेव येतो. अलिबागच्या बाजूला उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. पातीची वेणी घालून गुंफलेले, चवीला गोडसर कांदे. बाकीचे गाडीतूनच "कितीला माळ?" विचारतात. हा खाली उतरतो, माळ उचलतो, उन्हात धरतो आणि आपल्याकडे वळून म्हणतो, "खंडाळ्याचा कांदा आहे." कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे लोणावळ्याजवळचा?" याच प्रश्नासाठी तो थांबलेला असतो. मग अलिबाग तालुक्यातलं खंडाळे गाव, तिथली जमीन, भातानंतर घेतलं जाणारं हे पीक आणि त्याला मिळालेलं भौगोलिक मानांकन, असं सगळं ऐकून घेतल्याशिवाय गाडी हलत नाही. हलते तेव्हा कांदे घ्यायचे राहिलेले असतात.

हापूसच्या बाबतीत तो अधिक कडवा. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा हापूस या नावाखाली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाचही जिल्हे आले. ठिकाणकर अजून ते मनाला लावून बसलाय. त्याच्या मते हापूस देवगडात सुरू होतो आणि रत्नागिरीत संपतो. पुढचा तो नुसता आंबा. महामार्गावरच्या स्टॉलवर पेटी उघडायला लावून तो वरच्या थराकडे ढुंकूनही बघत नाही. तळाचा आंबा काढतो, देठाशी नाक नेऊन दीर्घ श्वास घेतो आणि विक्रेत्याच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारतो, "अढीतला, की पावडरीचा?" जगातल्या कुठल्या विक्रेत्याने "पावडरीचा" असं उत्तर दिलंय? पण तो शपथेवर "अढीतला" म्हणतो, गवताची काडी पुरावा म्हणून दाखवतो, आणि ठिकाणकराचा आत्मा थंड होतो. खरं तर कर्नाटकातला आंबा देवगडच्या पुठ्ठ्यात घालून विकला जातो हे उघड गुपित आहे, आणि ही काडीची तपासणी त्यालाही सहज पार करता येते.

हर्णैचा लिलाव हे त्याचं पंढरपूर. बंदरावर होड्या लागल्या की वाळूत मासळीच्या राशी पडतात आणि व्यापाऱ्यांची बोली सुरू होते. तिथे पर्यटकाने बाजूला उभं राहून बघावं. हा मात्र एकेका सुरमईचा कल्ला उचलून आतला लाल रंग तपासत फिरतो. एका कोळणीने अखेर कमरेवर हात ठेवून विचारलंच, "घ्यायचीय का, का डॉक्टर हाएस तू?" मग मान राखण्यासाठी त्याने बोली लावली. ती त्याच्यावरच पडली. सहा माणसांसाठी एक टोपलंभर बांगडे आले. गावात मासे करून देणारी घरं असतात हे खरं, पण तेवढे बांगडे एका रात्रीत साफ करून देणारं घर दापोली तालुक्यात नव्हतं. त्या मुक्कामात सकाळच्या चहाबरोबरही बांगडा होता.

दक्षिणेकडे जाताना त्याची भाषाही बदलत जाते. खारेपाटण ओलांडलं की तो मालवणीत शिरतो. मालवणात जेवायला बसल्यावर वाढणाऱ्या पोराला "काय रे, तिसऱ्यो इल्यो की नाय?" असं विचारतो. पोरगा ओडिशाचा असतो. तो "साब, थाली लाऊं?" म्हणतो. ठिकाणकर खिन्न होतो आणि तिरफळाबद्दल बोलू लागतो.

त्याचं खरं दुःख याहून खोल आहे. त्याची ठिकाणं बिघडतात. त्या बिघडण्याची एक निश्चित वाट असते. आधी ओटीवर चार पाट. मग बाकडी. मग अंगणात पत्र्याची शेड आणि "घरगुती जेवण मिळेल" असा पांढऱ्यावर लाल बोर्ड. पुढच्या वर्षी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्यानंतर बोर्डावर पनीर मसाला, आणि त्याखाली शेजवान राईस. ठिकाणकर गाडीतूनच ते वाचतो, काच वर करतो. "गेलं हेही. लोकांनी वाट लावली." ते लोक कोण, असा प्रश्न वहिनींनी एकदाच विचारला होता. कारण निळ्या दाराचा पत्ता त्याने ऑफिसात, सोसायटीत, मुंजीत, बाराव्याला, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाला, सगळ्यांना सांगितलेला असतो. प्रत्येकाला "कोणाला सांगू नका" असं बजावून.

आणि खरं सांगू का, मला त्या बोर्डवाल्या काकूंचंच पटतं. पनीर मसाल्यावर मुलीचं इंजिनिअरिंग होत असेल तर पाटावरचं बिरडं आपल्या स्मरणरंजनासाठी त्यांनी किती दिवस जपायचं?

माणूस असा छळवादी असला तरी निरुपयोगी नाही, हे मान्य करावं लागेल. 1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते हे त्याला पाठ असतं. जुलैत मालवणात बसून "ताजं पापलेट आहे का?" विचारणाऱ्यांची त्याला खरोखर कीव येते. त्या दिवसांत तो तुम्हाला चढणीचे मासे, चिंबोऱ्या, टाकळा आणि भारंगीची भाजी खायला घालेल. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ कुठे मिळते ते त्यालाच विचारावं. थंडीत त्याचा फोन आला की निघावं, कारण रायगडातल्या कुणाच्या तरी शेतात पोपटी लागलेली असते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मध्ये अंडी किंवा कोंबडी, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंबही नाही. ही "थेंबही नाही" गोष्ट तो इतका वेळ सांगतो की शेंगा गार होतात, पण गार शेंगाही सोडवत नाहीत.

तेव्हा कोकणात निघताना ठिकाणकराकडून यादी जरूर घ्या. निळ्या दाराच्या काकूंचा नंबर मागून घ्या आणि आदल्या रात्री आठच्या आत फोन करून पानं सांगा. रस्त्यात करवंदं दिसली की गाडी थांबवा. ठिकाणकराला मात्र घरी ठेवा. आणि वहिनी येत असतील तर त्यांना डब्यासकट न्या.